‘झा द्वोमा झायत्स्यामी’ (१९६१): युक्रेनी आवाजात मिळाला तरच बघा

निकाल आधी सांगून टाकू. सिनेमा बघाच, पण आवाज युक्रेनी आहे ना, ते तपासून मगच बसा. रशियन आवाजातली प्रत हाती लागली तर ‘बरा आहे, जुना विनोदी सिनेमा आहे’ एवढंच म्हणून उठाल. तो दोष तुमचा नसेल, प्रतीचा असेल. नागपुरात एखाद्या फिल्म क्लबात, कॉलेजात किंवा नाटकवाल्यांच्या तालमीच्या खोलीत हा दाखवायचा बेत असेल, तर पुढचं सगळं वाचून घ्या. निम्म्या भानगडी प्रोजेक्टर लावल्यावरच कळतात, आणि तोवर माणसं खुर्च्यांवर येऊन बसलेली असतात.

नावाचा अर्थ ‘दोन सशांच्या मागे’. युक्रेनी म्हण अशी की दोन सशांच्या मागे धावणाऱ्याला एकही सापडत नाही. आपल्या भाषेत तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. स्विरिद पेत्रोविच होलोख्वोस्ती नावाचा एक छानछोकी सलूनवाला आहे. धंदा बुडालेला, अंगावर कर्ज, कपडे मात्र कडक. सावकार दारात येऊन बसण्याआधी पैसेवाल्याची पोरगी गाठायची, हा त्याचा हिशेब. पोरगी सापडते ती प्रोन्या, सिर्को नावाच्या दुकानदाराची एकुलती एक. दिसायला बेताची, वय उलटत चाललेलं, आणि कधीतरी मुलींच्या निवासी शाळेत जाऊन आल्यामुळे आईबापाला काही समजत नाही अशी तिची पक्की खात्री. त्याच वेळी या महाशयांचा डोळा आहे हाल्यावर. हाल्या म्हणजे सफरचंदं विकणाऱ्या सेक्लेताची देखणी मुलगी. सेक्लेता ही प्रोन्याच्या आईची बहीण, म्हणजे दोन्ही ससे एकाच गोतावळ्यातले. इथंच त्याचं गणित चुकतं. पुढचं सांगत नाही.

हे सगळं घडतं कीव्हच्या पोदील भागात. पोदील म्हणजे टेकडीखालची, नदीकाठची जुनी व्यापारी वस्ती. वर टेकडीवर साहेबी शहर, आणि दोहोंना जोडणारा उतरता दगडी रस्ता. त्या उताराच्या माथ्यावर सेंट अँड्र्यूचं चर्च आहे. रास्त्रेल्ली या वास्तुकाराच्या आराखड्यावरून १७४७ ते १७५४ या काळात बांधलेलं. सिनेमातल्या लग्नाचा मोठा प्रसंग याच चर्चच्या पायऱ्यांवर आहे. इतवारी-महालातल्या माणसाला हा भूगोल समजावून सांगावा लागत नाही. रेल्वेलाइनच्या अलीकडे गल्ल्या, पेढ्या, ओळखीपाळखी. पलीकडे सिव्हिल लाइन्सचे बंगले. फरक एवढाच की आपल्याकडे रूळ ओलांडायचे असतात, तिथं चढ चढायचा असतो. होलोख्वोस्ती राहतो खाली आणि बोलतो वरच्यासारखं.

मूळ नाटक मिखाइलो स्तारित्स्कीचं, १८८३ सालचं. त्याआधी इवान नेचुय-लेवित्स्कीने १८७५ मध्ये हेच कथानक घेऊन एक नाटक लिहिलं होतं. स्तारित्स्की हा मंडळी चालवणारा रंगमंचावरचा माणूस, त्याने ते घडवून-घोटून रंगभूमीवर चालेल असं केलं. काळ लक्षात ठेवा. १८७६ मध्ये रशियन झारने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर आणि नाटकांवर बंदी घातली होती. ती जराशी सैल झाल्यावर जी नाटकं आली, त्यातलं हे एक. म्हणजे ‘घरची भाषा सोडून साहेबाची भाषा मिरवणारा माणूस’ हा विषय तेव्हा नुसता गमतीचा नव्हता. सिनेमा बघताना कुणीही ही पार्श्वभूमी तोंडाने सांगत नाही, पण विनोदाची धार तिथूनच येते.

आता मुद्द्यावर. वरवर हा सिनेमा पैशासाठी केलेल्या लग्नाबद्दल आहे, पण खरी गंमत आहे बोलण्यात.

नायकाचं आडनाव होलोख्वोस्ती. युक्रेनीत याचा अर्थ जवळपास ‘उघड्या शेपटीचा’. ते तो बदलून सांगतो होलोख्वास्तोव, कारण शेवटी ‘ओव’ लावलं की रशियन वाटतं, खानदानी वाटतं. प्रोन्याचं आडनाव सिर्को, आणि सिर्को हे तिकडे कुत्र्याचं नाव असतं, आपल्याकडे मोत्या असतं तसं. तिला लग्न करून निव्वळ नवरा नको आहे, त्या नावातून सुटका हवी आहे. म्हणजे मोत्याच्या घरची पोरगी उघड्या शेपटीच्या घरी जायला निघालेली! युक्रेनी प्रेक्षक पडद्यावर माणूस दिसण्याआधीच हसायला लागतो तो यामुळे. प्रोन्याच्या बापाचं नाव प्रोकोप. युक्रेनी रीतीने ती प्रोन्या प्रोकोपिव्ना, रशियन रीतीने प्रोकोपोव्ना. एका ‘इ’चा ‘ओ’ झाला की दर्जा वाढतो असं तिला वाटतं. भाषा येत नसली तरी कान देऊन बसा, तेवढं ऐकू येतं.

तर बोलण्याचे थर तीन. प्रोन्याचे आईबाप, सेक्लेता, हाल्या यांची साधी, रसरशीत युक्रेनी. वर टेकडीवरची शुद्ध रशियन, जी खरं म्हणजे कुणीच नीट बोलत नाही, फक्त तिची सावली सगळ्यांवर असते. आणि मधे होलोख्वास्तोव आणि प्रोन्या यांची खिचडी. या खिचडीला तिकडे ‘सुर्झिक’ म्हणतात. मूळ शब्द दळणातला आहे: दोन-तीन धान्यं मिसळून केलेलं पीठ. पण या दोघांचं सुर्झिक बाजारातल्या माणसाच्या तोंडी सहज येतं तसं नाही. ते ओढूनताणून आणलेलं आहे. शब्द रशियन, व्याकरण घरचं, मधेच एखादा फ्रेंच तुकडा, आणि वाक्य कुठं चाललंय हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नाही.

याचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे शिकलेल्या माणसाविषयीचं भाषण. होलोख्वास्तोव सांगतो की विद्वान माणूस अकलेनं ढगांच्या वर जातो, लाव्राच्या घंटाघराहूनही उंच, आणि तिथून खाली पाहिलं की लोकं त्याला चिमुकली दिसतात, उंदरांसारखी. मग क्षणभर थांबून सभ्यपणे दुरुस्ती करतो: पार्दोन, घुशींसारखी. ‘उंदीर’ म्हणणं त्याला असभ्य वाटलं म्हणून नाही. दुरुस्ती केली की माणूस सुशिक्षित दिसतो, म्हणून. (लाव्रा म्हणजे कीव्हचा प्राचीन मठ, त्याचं घंटाघर ९६ मीटरच्या वर आहे, म्हणजे उपमा तशी गावाच्या मानाने बरोबर निवडलेली.)

आता दुखणं समजून घ्या. सिनेमा चित्रित झाला युक्रेनीत. पण सोव्हिएत संघभर फिरवायला त्यावर रशियन आवाज चढवला गेला, आणि वर्षानुवर्षं लोकांनी तोच ऐकला. मूळ युक्रेनी ध्वनिपट्टी हरवली असंच सगळे धरून चालले होते. ती २०१३ मध्ये मारिउपोलच्या चित्रपट साठ्यात सापडली. म्हणजे अर्धशतक लोक ज्यावर हसत होते, तो पातळ केलेला सिनेमा होता. रशियन आवाजात आईबाप रशियन बोलतात, पोरगी रशियन बोलते, नवरदेवही रशियन बोलतो. कुणाचा हेल जास्त, कुणाचा कमी, इतकंच. मग नवरदेव कुठं चुकतोय, पोरगी कुठं फुशारकी मारतेय, हे कळणार कसं? असं समजा, की एका घरात बाप वऱ्हाडी बोलतो, पोरगा पुणेरी बोलायला जाऊन तोंडघशी पडतो, आणि डबिंगवाल्याने दोघांनाही दूरदर्शनच्या बातम्यांची मराठी दिली. शब्द सगळे पोचले, विनोद मात्र वाटेत राहिला.

प्रत युक्रेनी की रशियन, हे कसं ओळखायचं? इंटरनेटवर दोन्ही फिरतात आणि वरची पाटी बऱ्याचदा खोटी असते. नायकाच्या तोंडाकडे लक्ष देऊन काही उपयोग नाही, कारण युक्रेनी प्रतीतही तो रशियन शब्दच फेकत असतो. इथंच पुष्कळ जण फसतात. पहिली पाच मिनिटं ऐकतात, ‘रशियन आहे’ म्हणून बंद करतात. सेक्लेता किंवा प्रोन्याचे आईबाप बोलतात तिथं जा. पाच-सहा वाक्यं ऐका. ‘काय’ या अर्थी ‘श्चो’ ऐकू आलं तर युक्रेनी, ‘श्तो’ आलं तर रशियन. ‘हो’ म्हणताना ‘ताक’ म्हटलं तर युक्रेनी, ‘दा’ म्हटलं तर रशियन. ताक लक्षात ठेवायला सोपं आहे. हाल्याला ‘गाल्या’ म्हटलं की रशियन, असाही एक ठोकताळा लोक सांगतात, पण तो कच्चा आहे. दक्षिणेकडच्या हेलात रशियन बोलतानाही ‘ग’चा ‘ह’ होतो. एका शब्दावर निकाल देऊ नका.

काही फायलींत दोन्ही आवाज एकत्र असतात आणि प्लेअर आधी रशियन उचलतो. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ऑडिओ ट्रॅक’ उघडून बघा, मगच फाइलला नावं ठेवा. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून दाखवणार असाल तर टीव्हीच्या रिमोटवर हा पर्याय सापडेलच असं नाही. लॅपटॉपच वापरा.

अभिनयाबद्दल. ओलेह बोरिसोव होलोख्वास्तोव करतो. तेव्हा तो तिशीचा उंबरठा नुकताच ओलांडलेला, कीव्हच्या रंगभूमीवरचा नट. पुढे लेनिनग्राडला जाऊन गंभीर भूमिकांत फार मोठा झाला. इथं त्याच्या शरीरात एक हाड कमी असावं असं वाटतं. चालताना पाय आधी पोचतात आणि छाती मागून येते. नीट बघायचं असेल तर त्याचे हात बघा. खोटं बोलताना बोटं हवेत कंगव्यासारखी फिरतात. धंद्याची सवय गेलेली नाही. प्रोन्या झाली आहे मार्हारिता क्रिनित्सिना. ती मुळात देखणी बाई. कुरूप दिसण्यासाठी तिने रंगभूषेला मुकाट्याने चेहरा दिला, आणि पुढे आयुष्यभर लोकांनी तिला प्रोन्या म्हणूनच ओळखलं. मिकोला याकोव्चेन्को आणि हान्ना कुश्निरेन्को हे आईबाप. याकोव्चेन्को काही न करता नुसता बसलेला असतो आणि चौकटीतली बाकीची माणसं फिकी पडतात. पोरीच्या इंग्रजी-मराठीपुढे गोंधळलेला, तरी तिचा अभिमान वाटणारा बाप आपल्याकडे घराघरात आहे. त्याने तो तिथं करून ठेवला आहे.

पण सिनेमा खिशात घालते ती सेक्लेता. नोन्ना कोपेर्झिन्स्का. भाजीबाजारात ठाण मांडून बसलेल्या बाईचा आवाज, आणि कुणाच्या बापाची भीती नाही. होलोख्वास्तोव हाल्याशी लघळपणा करताना तिच्या हाती सापडतो आणि ती त्याच्याकडून लग्नाची शपथ वदवून घेते, तो प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा तिच्याकडे बघा, दुसऱ्यांदा त्याच्याकडे. सुटायला जागा कुठे आहे हे शोधत त्याचे डोळे इकडेतिकडे फिरतात आणि तोंडातून मात्र शपथेचे शब्द येत राहतात. कॅमेरा वादिम इल्येन्कोचा आहे आणि तो इथं उगाच हलत नाही, हे बरंच झालं.

उणं काय ते पण सांगायला हवं. हाल्या आणि तिचा स्तेपान ही चांगली माणसं आहेत, आणि चांगली असण्यापलीकडे त्यांना काही काम नाही. कष्टकरी तेवढा निर्मळ, दुकानदार तेवढा लोभी, अशी विभागणी सोव्हिएत काळात करावीच लागे. इथं ती त्या दोघांच्या वाट्याला आली आहे. त्यांचे प्रसंग आले की सिनेमा बसतो. दुसरी गोष्ट जास्त टोचते. प्रोन्याच्या दिसण्यावरचे विनोद आज जुने झालेत. पोरीचं लग्न जमत नाही याची टर उडवणं आपल्याकडे कमी का होतं, की इथंही तेच बघावं? पहिल्या अर्ध्या भागात हे विनोद पुष्कळ आहेत. क्रिनित्सिनाने ते निभावलेत ते प्रोन्याला मूर्ख करूनही तिची आशा खरी ठेवल्यामुळे. नवरदेव घरी येणार म्हणून ती खोलीत कुठं आणि कशी बसावं-टेकावं याची तालीम करते, त्यात हसू येतं, पण पोटात कुठंतरी गलबलतंही. कॉलेजात दाखवणार असाल तर नंतरच्या चर्चेत हा विषय निघणारच, तयारी ठेवा. योगायोग असा की ज्या १९६१ साली हा सिनेमा आला, त्याच साली आपल्याकडे हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. चर्चेला तोंड फोडायला एवढं पुरतं. फक्त एक गफलत करू नका: होलोख्वास्तोव सासऱ्याच्या गल्ल्यावर स्वतःच डोळा ठेवून आला आहे.

आता दाखवण्याची तांत्रिक बाजू. लांबी सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे मध्यंतर नको. मध्यंतर केलंच तर लय तुटते आणि चहाला गेलेली अर्धी माणसं परत येईस्तोवर लग्न लागायची वेळ होते.

चौकट जुन्या पद्धतीची आहे, जवळपास ४:३. आजचा प्रोजेक्टर १६:९ चा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू द्या. सभागृहातला तंत्रज्ञ हमखास ‘पूर्ण स्क्रीन करू का’ म्हणून विचारतो. ताणलं तर माणसं बसकी दिसतात आणि बोरिसोवची ती काटकुळी ऐट मातीत जाते. झूम केलं तर वरून टोप्या आणि खालून पाय कापले जातात, आणि याच्या विनोदाचा निम्मा भाग पायांत आहे. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘आस्पेक्ट’ ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ करून घ्या, आणि हे आदल्या दिवशी करा.

सबटायटलमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. इंग्रजी सबटायटलची फाइल एकीकडून आणि सिनेमा दुसरीकडून घेतला की वेळ जुळत नाही. आधी बघा की चूक कोणत्या जातीची आहे. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, दोन्हीकडे किती सेकंदांचा फरक आहे ते मोजा. दोन्हीकडे सारखाच असेल, समजा ४ सेकंद, तर नुसतं सरकवून काम होतं. व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी सबटायटल मागेपुढे होतात. पण सुरुवातीला जुळतंय आणि पुढे पुढे फरक वाढत जातोय, असं असेल तर भानगड फ्रेमच्या वेगाची आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. युरोपातल्या टीव्हीसाठी आणि डीव्हीडीसाठी तो २५ ने पळवतात. १० मिनिटांचा मजकूर मग ९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. म्हणजे दर १० मिनिटांना २४ सेकंद, आणि शेवटापर्यंत तब्बल ३ मिनिटं. अशा वेळी कितीही सरकवा, मधे कुठंतरी जुळेल आणि पुन्हा निसटेल. ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात फ्रेम रेट बदलायचा पर्याय आहे: २४ वरून २५, किंवा उलट. नंतर उरलेला एखाददुसरा सेकंद सरकवून घ्या. क्रम महत्त्वाचा, आधी वेग, मग सरकवणं.

मराठी सबटायटल करणार असाल तर फाइल सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. चौकोन गेले तरी जोडाक्षरं फुटतात ती वेगळी कटकट: ‘प्रोन्या’चं ‘प्‌रोन्‌या’ होतं, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. हा दोष फाइलचा नसतो, प्लेअर किंवा टीव्ही देवनागरी नीट जोडू शकत नाही म्हणून होतो. खात्रीचा उपाय म्हणजे सबटायटल चित्रातच छापून नवी फाइल काढणं. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता फॉन्ट घ्या, पांढरं अक्षर, काळी कडा. पिवळं नको, या सिनेमाचे रंग आधीच भडक आहेत. ओळी दोनच, ओळीत साधारण ३०-३२ अक्षरं. एक सबटायटल दीड सेकंदाहून कमी ठेवू नका, सहाहून जास्त रेंगाळू देऊ नका. आणि हॉलची जमीन सपाट असेल, तर खालची ओळ पुढच्याच्या डोक्यामागे जाते. सबटायटल चित्राच्या तळापासून आठव्या हिश्शाइतकं वर घ्या.

सार्वजनिक प्रयोग असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी घ्या. तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे.

भाषांतराकडे येऊ, कारण नागपूरकराला इथं हात मारायची खरी संधी आहे. पहिला मोह होतो तो असा की होलोख्वास्तोवला नागपुरी द्यायची. ‘काय करून राहिला बे’ म्हटलं की हॉल हसतो, मग झालंच की काम! असं करू नका. ‘करून राहिला’ हे हिंदीच्या ‘कर रहा है’च्या वळणावर गेलेलं आहे, आपली बोली मिसळीची आहे, हे खरं. पण सीताबर्डीच्या मेनरोडवर माणूस ते मिरवायला बोलत नाही, ते त्याच्या घरचं बोलणं आहे. सुर्झिकशी नुसती मिसळ जुळते, आव जुळत नाही. तेव्हा उलटं करा. नागपुरी-वऱ्हाडी द्या प्रोकोपला, त्याच्या बायकोला आणि सेक्लेताला. सेक्लेताच्या तोंडी ‘काऊन वं, मले काय समजून राहिली तू?’ असं एक वाक्य टाकून बघा, बाई पडद्यातून बाहेर येते. आणि होलोख्वास्तोवला द्या ओढूनताणून आणलेली पुणेरी: ‘असल्याकारणाने’, ‘तथापि’, मधे इंग्रजीची ठिगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘न’च्या जागी ‘ण’.

हा ‘ण’ जपून वापरायचा आहे. आपल्याकडे ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या माणसाला शाळेपासून चिडवलेलं असतं. शुद्ध बोलायच्या धास्तीत तोच माणूस मग नको तिथं ‘ण’ घालतो: ‘मणुष्य’, ‘णक्की’. होलोख्वास्तोवचं रशियन नेमकं असंच आहे. म्हणून घुशींच्या भाषणाचं सबटायटल असं बसतं:

‘मणुष्य एकदा का शिक्षित झाला,
की बुद्धीणे तो ढगांच्या वर जातो…’

‘…लाव्राच्या घंटाघराहूण उंच!
तिथूण खाली बघितलं तर लोकं कशी?’

‘उंदरांसारखी.
पार्दोन… घुशींसारखी.’

शेवटचं सबटायटल दोन तुकड्यांत तोडा. ‘उंदरांसारखी’ आल्यावर पूर्ण विराम, पडदा रिकामा, आणि त्याने तोंड उघडल्यावरच ‘पार्दोन’. दोन्ही एकदम दाखवलं तर प्रेक्षक आधी वाचून मोकळा होतो आणि बोरिसोवचा थांबा वाया जातो. हे भाषण सोडलं, तर दर वाक्यात ‘ण’ पेरू नका. दहा सबटायटलमागे एखादा पुरे, नाहीतर छपाईची चूक वाटते. आणि आईबापाच्या ‘पानी’ला हात लावू नका. सिनेमा घरची भाषा बोलणाऱ्यावर कुठंच हसत नाही. हा तोल सबटायटलमध्ये बिघडला, तर विदर्भातल्याच प्रेक्षकापुढे विदर्भाची थट्टा केल्यासारखं होईल, आणि लोक ते ऐकून घेणार नाहीत. घेऊही नये.

लाव्राचं काही देशी करू नका. कुणीतरी सुचवतंच की सीताबर्डीचा किल्ला घाला, झिरो माइलचा खांब घाला. झिरो माइलचा खांब घातला तर विद्वान माणूस शेजारच्या घोड्यांच्या फार वर जात नाही. नावं मूळची राहू द्या, बोली आपली घ्या.

याचं नाटक उभं करायचा विचार झाडीपट्टीच्या मंडळींनी करायला हरकत नाही. स्तारित्स्की १९०४ मध्ये वारला, त्यामुळे मूळ नाटक कधीच खुलं झालं आहे. सिनेमाच्या पटकथेतले खास संवाद मात्र उचलू नका. वडसा-देसाईगंजकडच्या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगाला सव्वा तासाचा ऐवज पुरणार नाही, गाणी आणि गावच्या माणसांचे दोन-तीन प्रवेश वाढवावे लागतील. ते वाढवायला जागा आहे ती सेक्लेताच्या घरच्या पंगतीत, नवरदेवाच्या प्रवेशांत नाही. त्याला जास्त बोलवलं की तो आवडायला लागतो.

कीव्हमध्ये त्या उतारावर, चर्चच्या जवळच, १९९९ पासून दोघांचा पुतळा आहे: ती उभी, तो गुडघ्यावर, तिचा हात हातात. सिनेमा संपल्यावर पडद्यावर त्याचा फोटो दाखवायची काही क्लबांना हौस असते. दाखवा, पण शेवटची पाटी जाऊन दिवे लागल्यावर. चर्चच्या पायऱ्यांवरून प्रोन्याचा चेहरा दिसतो, त्या शेवटच्या मिनिटांत सबटायटलही शक्य तितकं कमी ठेवा; ओरडाआरड्यातलं प्रत्येक वाक्य लिहीत बसलात तर लोक खाली वाचत राहतील आणि तिच्याकडे बघायचं राहून जाईल.